जहाजावर स्वतःची वाइन : बाटली आपली, कायदा ठिकाणाचा

मुंबई बंदरातून पर्यटक जहाजे सुटू लागल्यापासून समुद्रसफर ही केवळ परदेशी जाणाऱ्यांची चैन राहिलेली नाही. वाईहून रात्री निघालेले कुटुंब सकाळी मुंबईच्या गोदीत पोहोचून त्याच सायंकाळी गोव्याच्या वाटेवर असू शकते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, मुलाची नोकरी, निवृत्ती अशा निमित्ताने निघालेल्या प्रवाशांच्या सामानात कधी कधी महाराष्ट्रातच तयार झालेल्या वाइनची एखादी बाटलीही असते. जहाजावर वाइन महाग मिळते, हवी ती मिळेलच असे नाही आणि भेट आलेली बाटली त्या प्रसंगीच उघडावी, अशी इच्छा असते. मात्र ही बाटली जहाजावर नेता येते का, या प्रश्नाचे उत्तर तिकिटावर छापलेले नसते.

हे उत्तर तीन ठिकाणी विभागलेले आहे. पहिले जहाज कंपनीच्या नियमांत, दुसरे राज्याच्या दारूबंदी कायद्यात आणि तिसरे केंद्राच्या सीमाशुल्क कायद्यात. यांपैकी एकाने दिलेली मुभा दुसऱ्यावर बंधनकारक नसते. कंपनीने चालेल म्हटले तरी राज्याचा परवाना लागू शकतो. परवाना असला तरी कंपनी बाटली काढून ठेवू शकते. दोन्ही जुळले तरी पुढच्या बंदरात उतरताना तिसरा कायदा आडवा येऊ शकतो. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे बाटली तर जातेच, प्रसंगी सहलही बिघडते.

वाई ते गोदी

मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीत येतो. त्यामुळे मद्य तयार करणे, बाळगणे, वाहून नेणे आणि विकणे यांबाबत प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम लागू असून आता तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९५० मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली ती याच कायद्याने. पुढे बंदी शिथिल झाली, दुकाने व परमिट रूम सुरू झाल्या, तरी कायदा रद्द झाला नाही. म्हणूनच महाराष्ट्रात मद्य ही मुळात निषिद्ध आणि परवान्याने मोकळी होणारी वस्तू आहे. परमिट रूम हा शब्दही त्यातूनच आलेला आहे.

या कायद्यातील मद्याच्या व्याख्येत वाइनचाही समावेश होतो. वाइन हे सौम्य पेय आहे किंवा ते शेतमालापासून बनते, हा युक्तिवाद राज्याच्या धोरणाच्या चर्चेत महत्त्वाचा असला तरी रस्त्यावरील तपासणीत उपयोगी पडत नाही. वैयक्तिक वापरासाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग एक दिवसाचा, वर्षाचा अथवा आजीवन परवाना देतो. वाईहून सुरूर फाटा, खंबाटकी, पुणे आणि द्रुतगती मार्गाने मुंबईस जाताना गाडीत बाटली असेल, तर हा परवाना आणि दुकानाची पावती सोबत ठेवणे शहाणपणाचे ठरते. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षांची आहे, हेही घरातील तरुण मंडळींच्या हाती सामान देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

वाईच्या प्रवाशाला या विषयात स्थानिक आस्थाही आहे. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा धोम आणि वाईवरून पुढे सांगलीकडे जाते. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर वाइन उद्योगासाठी जी औद्योगिक क्षेत्रे आखली गेली, त्यांत नाशिक जिल्ह्यातील विंचूरबरोबर सांगली जिल्ह्यातील पलूसचाही समावेश होता. सांगलीची ख्याती प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांसाठी आणि तासगावच्या बेदाण्यासाठी आहे. वाइनची द्राक्षे वेगळ्या जातीची असतात. तरीही द्राक्षबागायतदाराच्या हाती आणखी एक बाजारपेठ यावी, हा त्या धोरणाचा हेतू होता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित आणि व्यसनाचा धोका या दोन बाजूंनी महाराष्ट्रभर वाद झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. अशा वातावरणात वाइनची बाटली ही निरुपद्रवी भेटवस्तू समजून निष्काळजीपणे हाताळणे योग्य नव्हे.

परवाना जहाजाचा, प्रवाशाचा नव्हे

दारूबंदीचा कायदा करताना जहाजांचा विचार झाला नव्हता, असे मात्र नाही. अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये जहाजावर प्राशनासाठी विदेशी मद्य विकण्याचा परवाना जहाज कंपनीला किंवा जहाजाच्या कप्तानाला देण्याची तरतूद आहे. कलम ३९ मध्ये मालवाहू जहाजे, युद्धनौका, सैन्य वाहून नेणारी जहाजे आणि लष्करी भोजनगृहे यांना सवलत देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे. ही सवलत समानतेच्या तत्त्वाला बाधक आहे, असा आक्षेप मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या गाजलेल्या खटल्यात घेण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये या कायद्यातील काही तरतुदी अवैध ठरवल्या, परंतु कलम ३९ वैध मानले.

या दोन्ही कलमांत एक समान धागा आहे. सवलत किंवा परवाना मिळतो तो जहाजाला, कंपनीला वा कप्तानाला. तिकीट काढून आलेल्या प्रवाशाला जहाजात पाऊल ठेवल्याने मद्याबाबत कोणताही स्वतंत्र हक्क प्राप्त होत नाही. जहाजाच्या बारमध्ये विकले जाणारे मद्य आणि प्रवाशाच्या पिशवीतील बाटली कायद्याच्या नजरेत दोन भिन्न वस्तू आहेत.

किनारी फेरी आणि परदेशी फेरी

जहाज कोठे चालले आहे, यावरही बरेच अवलंबून असते. सीमाशुल्क अधिनियम १९६२ नुसार परदेशी जाणाऱ्या जहाजावरील आयात साठा, ते जहाज परदेशगामी असेपर्यंत, शुल्क न भरता जहाजावर वापरता येतो. हेच जहाज दोन भारतीय बंदरांमध्ये किनारी फेरी करू लागले की ही सवलत संपते. त्या साठ्यावर शुल्क भरावे लागते किंवा तो वापराबाहेर ठेवावा लागतो. यामुळे एकाच जहाजावर एका सफरीत मिळणारी बाटली दुसऱ्या सफरीत मिळत नाही अथवा तिची किंमत बदलते.

मुंबई-गोवा हा मार्ग किनारी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये या मार्गावर सुरू झालेली आंग्रिया, एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून निघू लागलेली कर्णिका आणि सप्टेंबर २०२१ पासून चालणारी कॉर्डेलिया ही अलीकडच्या काळातील ठळक नावे. आंग्रिया आणि कर्णिका करोनाच्या साथीनंतर पुन्हा प्रवाशांसाठी सुरू झाल्या नाहीत. कॉर्डेलियाच्या नियमांत बाहेरचे मद्य जहाजावर आणण्यास मनाई आहे. याचा अर्थ असा, की मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीस निघणाऱ्या वाईकराने आपली बाटली घरीच ठेवणे हे सर्वांत सरळ उत्तर होय. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले असून विमानतळाप्रमाणे येथेही प्रवाशांचे सामान क्ष-किरण यंत्रातून जाते. बाटली लपून राहील, ही आशा व्यर्थ आहे.

भारताची प्रादेशिक सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. ती ओलांडली की सर्व मोकळे, असा समज आढळतो. परंतु हद्दीबाहेरही जहाजावर त्याच्या ध्वजाच्या देशाचा कायदा आणि कंपनीचा करार लागू राहतो. शिवाय हद्दीबाहेर जाण्यासाठी बाटलीला आधी हद्दीतून जावेच लागते.

परदेशी कंपन्यांचे नियम

परदेशांतून सुटणाऱ्या जहाजांवर स्थिती थोडी वेगळी आहे. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आईवडील फ्लोरिडातून कॅरिबियन बेटांची सफर करतात, किंवा सिंगापूरची सहल चार रात्रींच्या समुद्रसफरीला जोडली जाते, तेव्हा हे नियम उपयोगी पडतात. कंपन्यांचे धोरण ढोबळमानाने चार प्रकारांत मोडते.

पहिल्या प्रकारात बाहेरचे मद्य पूर्णतः वर्ज्य असते. एमएससी ही मोठी युरोपीय कंपनी या गटात मोडते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला सफरीच्या पहिल्या दिवशी ७५० मिलिलिटरची वाइन किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली आणता येते. कार्निव्हलचा नियम असा आहे आणि ती बाटली हातातील सामानातच असावी लागते. तिसऱ्या प्रकारात संख्येपेक्षा शुल्काला महत्त्व आहे. नॉर्वेजियन कंपनी वाइन आणू देते, पण ७५० मिलिलिटरच्या बाटलीमागे १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीमागे ३० डॉलर घेत आली आहे. चौथा प्रकार उदार कंपन्यांचा. डिस्नेच्या जहाजावर २१ वर्षांवरील प्रवासी वाइनच्या दोन बाटल्या किंवा सहा बियर सफरीच्या आरंभी व प्रत्येक बंदरात आणू शकतो, तर वायकिंगच्या जहाजांवर बाहेरच्या वाइनवर बूचशुल्कही नाही. हे आकडे कंपन्या वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढतेवेळचा नव्हे, तर निघण्याच्या आठवड्यातील नियम पाहावा.

यातील बूचशुल्क, म्हणजेच कॉर्केज, ही संकल्पना समजून घेण्यासारखी आहे. ग्राहकाने स्वतः आणलेली बाटली उघडणे, पेले देणे, ती थंड करणे आणि वाढणे या सेवेचे हे मूल्य असते. बहुतेक ठिकाणी बाटली स्वतःच्या खोलीत उघडल्यास शुल्क लागत नाही आणि भोजनगृहात नेल्यास लागते. बाटली स्वस्तातली असेल, तर शुल्क तिच्या किमतीहून अधिक भरते. त्यामुळे केवळ पैसे वाचवण्यासाठी वाइन नेणे फारसे फायद्याचे नसते. प्रसंगाची, आठवणीची किंवा जहाजावर न मिळणारी बाटली असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो.

वाइनला मुभा देणाऱ्या बहुतेक कंपन्या व्हिस्की, रम, व्होडका अशी तीव्र मद्ये मात्र येऊ देत नाहीत. ती सापडल्यास काढून घेतली जातात आणि शेवटच्या सायंकाळी परत मिळतात किंवा नष्ट केली जातात. पाण्याच्या अथवा तोंड धुण्याच्या द्रवाच्या बाटलीत मद्य भरून नेण्याचे प्रकार कर्मचाऱ्यांना ठाऊक असतात. असे करणाऱ्या प्रवाशाला पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कंपन्या करारात राखून ठेवतात.

या कडकपणामागे अर्थकारण उघड आहे. तिकिटाचा दर स्पर्धेमुळे खाली ठेवावा लागतो आणि नफ्याचा मोठा वाटा बार, कॅसिनो, दुकाने व किनाऱ्यावरील सहली यांतून येतो. तथापि हे एकच कारण नाही. हजारो माणसे असलेल्या तरंगत्या गावात मद्यधुंद प्रवासी कठड्यावरून पडला, तर त्याला शोधण्यासाठी जहाज वळवावे लागते. बारमध्ये कोणाला किती दिले, याचा हिशेब कर्मचारी ठेवू शकतात. खोलीतल्या बाटलीचा हिशेब कोणाकडेच नसतो.

अमेरिकेतील एक नजीर

जहाज आणि बाटली यांचा झगडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. १९२० मध्ये तेथे देशव्यापी दारूबंदी लागू झाली. युरोपातून येणाऱ्या परदेशी जहाजांवर मद्याचा साठा असे, कारण परतीच्या प्रवासात तो लागणार असे. अमेरिकेच्या हद्दीत असताना हा साठा सीलबंद ठेवला तर चालेल का, असा प्रश्न होता. कुनार्ड कंपनी विरुद्ध मेलन या खटल्यात १९२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की हद्दीत आल्यावर सीलबंद साठाही कायद्याच्या कक्षेत येतो. उलट, अमेरिकी ध्वजाच्या जहाजाने हद्दीबाहेर मद्य विकण्यास या कायद्याने आडकाठी नाही. परदेशी कंपन्यांची यामुळे पंचाईत झाली. अखेर १९२४ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यात करार होऊन साठा सीलबंद ठेवण्याच्या अटीवर ब्रिटिश जहाजांना बंदरात येऊ देण्यात आले. बाटली तीच आणि जहाजही तेच असताना पाण्यातील एका अदृश्य रेषेने तिची वैधता बदलते, हे या निकालाने स्पष्ट झाले.

जुना प्रश्न, जुने उत्तर

या तत्त्वाचे एक प्राचीन रूप धर्मशास्त्रात आढळते आणि त्या शास्त्राच्या आधुनिक अभ्यासाचे एक मोठे केंद्र वाईच आहे. केवलानंद सरस्वती यांची प्राज्ञपाठशाळा, तेथून निघालेला धर्मकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये पहिला खंड प्रकाशित झालेला मराठी विश्वकोश, ही या गावाची ओळख आहे.

बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडील लोकांचे काही खास आचार सांगितले आहेत. त्यांत लोकरीचा व्यापार, शस्त्रोपजीविका यांच्या जोडीला शीधू नावाचे मद्य पिणे आणि समुद्रप्रवास करणे हे दोन्ही येतात. दक्षिणेकडील आचारांची यादी वेगळी आहे. त्यावरचा निर्णय असा, की ज्या त्या प्रदेशात तेथील प्रथा प्रमाण मानावी आणि एका प्रदेशाचा आचार दुसऱ्या प्रदेशात करणारा दोषी ठरावा. त्याच ग्रंथात अन्यत्र समुद्रगमन हे पतनास कारण होणारे कर्म म्हटले आहे. पुढील काळातील निबंधकारांनी द्विजांचा समुद्रप्रवास कलिवर्ज्यांत घातला आणि सुरापान तर महापातकांपैकी एक होतेच. विलायतेस जाऊन आलेल्यांना एकोणिसाव्या शतकात प्रायश्चित्ताचा प्रश्न पडे, तो या परंपरेमुळे. आज प्रायश्चित्ताची जागा दंडाने आणि ग्रामण्याची जागा कागदपत्रांच्या तपासणीने घेतली असली, तरी प्रदेशानुसार नियम पाहण्याची दृष्टी प्रवाशाला तितकीच उपयोगी आहे.

किनाऱ्यावर उतरताना आणि परतताना

जहाजावर उघडलेली किंवा विकत घेतलेली बाटली किनाऱ्यावर नेणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेटाचा अपवाद वगळता दारूबंदी चालत आली आहे. तेथे उतरताना पिशवीत अर्धी उरलेली वाइनही नसावी. गुजरातलाही मूळचा १९४९ चाच कायदा लागू असून तेथे दारूबंदी कायम राहिली.

गोव्यात परिस्थिती उलटी आहे. तेथे मद्य सहज व कमी किमतीत मिळते. परंतु अशा अनेक बाटल्यांवर ते केवळ गोव्यात विक्रीसाठी असल्याचे छापलेले असते. गोव्याचे मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा येथील कायद्याने गुन्हा आहे. आंबोली किंवा बांद्याच्या नाक्यावर मोटारी तपासल्या जातात, ते याचसाठी. समुद्रमार्गे आलेल्या प्रवाशाला निराळा नियम नाही. स्वस्त मिळाली म्हणून गोव्यात घेतलेली बाटली जहाज कंपनी आत येऊ देणार नाही आणि आलीच तर मुंबईत उतरताना ती अडचणीची ठरेल.

परदेशातून परतणाऱ्या प्रवाशास भारतीय सीमाशुल्क नियमांनुसार करमुक्त सवलतीत एकूण २ लिटरपर्यंत मद्य आणता येते. त्याहून अधिक असल्यास ते जाहीर करून शुल्क भरावे लागते. इतर देशांचे नियम पुन्हा वेगळे. सिंगापूरमध्येही प्रौढ प्रवाशाला मर्यादित करमुक्त सवलत आहे, पण मलेशियातून येणाऱ्याला ती मिळत नाही. सिंगापूरहून निघून मलेशियाच्या बंदराला लागून परत येणाऱ्या जहाजावरील प्रवाशांची येथे हमखास गफलत होते.

विमान आणि जहाज यांचा उलटा न्याय

परदेशी बंदर गाठण्यासाठी आधी विमानप्रवास करावा लागतो. विमानाच्या हातसामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या द्रवाच्या बाटलीला मज्जाव असतो, त्यामुळे वाइन चेक-इन सामानातच द्यावी लागते. मद्यार्काचे प्रमाण २४ टक्क्यांपर्यंत असलेल्या पेयांवर हवाई सुरक्षा नियमांत घातक वस्तू म्हणून मर्यादा नाही. २४ ते ७० टक्के प्रमाण असलेल्या मद्याला प्रतिप्रवासी ५ लिटरची मर्यादा आहे. साधारण वाइन पहिल्या गटात येते. जहाजावर चढताना मात्र हीच बाटली मोठ्या सामानातून काढून हातातील पिशवीत ठेवावी लागते. मोठे सामान प्रवाशाच्या अनुपस्थितीत तपासले जाते आणि त्यात बाटली दिसल्यास बॅग रोखून ठेवली जाते.

बाटलीची निगाही महत्त्वाची आहे. वाइन साठवण्यास १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारीच्या डिकीत तापमान याच्या कितीतरी वर जाते. त्याने बूच सरकते व चव बिघडते. बाटली जाड कापडात गुंडाळून गाडीच्या आत सावलीत ठेवावी. जहाजावर पोहोचल्यावर ती लगेच न उघडता एक दिवस स्थिर राहू द्यावी, विशेषतः तळाशी गाळ असलेली जुनी लाल वाइन असेल तर. बूच काढण्याचे टोकदार उपकरण सुरक्षा तपासणीत अडकू शकते. ते जहाजावरच मागून घ्यावे.

निघण्यापूर्वी

प्रवाशाने चार गोष्टींची खात्री लेखी करून घ्यावी. कंपनी बाहेरची वाइन स्वीकारते का आणि किती, हे आरक्षणाच्या करारात पाहावे. सफर किनारी आहे की परदेशी, हे विचारावे. मार्गातील प्रत्येक बंदराचा मद्यविषयक नियम आणि वयोमर्यादा माहीत करून घ्यावी. घर ते गोदी या रस्त्यासाठी परवाना व पावती जवळ ठेवावी. २ ऑक्टोबरसारखा कोरडा दिवस किंवा निवडणुकीचा काळ प्रवासाच्या तारखांत येत असल्यास त्याचीही नोंद घ्यावी.

सहलीचे आयोजन करणारा दलाल तोंडी आश्वासन देत असेल, तर ते ई-मेलवर मागावे, कारण गोदीतील तपासनीस दलालाला ओळखत नाही. आणि कंपनीचे उत्तर नकारार्थी असेल, तर सांगली किंवा नाशिकची ती बाटली वाईला परतल्यावर घरीच उघडणे इष्ट. सीलबंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवली तर सहलीच्या आठ दिवसांत तिचे काही बिघडत नाही.